औषधांचं बिल कमी करायचंय? आधी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

आमच्या गिरगावातल्या चाळीत, आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका काकूंचं बीपी मध्यंतरी अचानक वाढलं. मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. डॉक्टरांनी दोनदा मशीन लावलं, दोन्ही वेळा वरचा आकडा १८०च्या पुढे. "गोळी रोज घेताय ना?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "घेते की." परत येताना जिन्यात थांबून मला हळूच म्हणाल्या, "एक दिवसाआड घेते गं. महिनाअखेरपर्यंत पाकीट पुरवायला लागतं."

असं पुरवून पुरवून गोळ्या घेणारी माणसं मुंबईत घरोघरी आहेत. ती मुलांना सांगत नाहीत आणि डॉक्टरांना तर नाहीच नाही. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: बीपीची, शुगरची, हृदयाची किंवा फिट्सची गोळी चुकवून वाचवलेले पैसे पुढे हॉस्पिटलात कितीतरी पटींनी जातात, आणि पैशांपेक्षा मोठं काहीतरी जाण्याचीही भीती असते. औषध पूर्ण घेऊनही खर्च कमी करता येतो. त्यासाठी औषधाची किंमत कशी ठरते ते थोडं समजून घ्यायला हवं. बाबांच्या आजारपणात नऊ वर्षं मी त्यांची औषधं आणली. त्यातली पहिली चार वर्षं मला यातलं काहीही माहीत नव्हतं आणि त्या काळात आम्ही विनाकारण बरेच पैसे घालवले.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या कॉटवर आम्ही त्यांचा औषधांचा डबा उपडा केला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. सात प्रकारच्या स्ट्रिप निघाल्या. महिन्याचं बिल साधारण अडीच हजार. मी त्यांना स्ट्रिप उलटी करून मागचं वाचायला सांगितलं.

प्रत्येक औषधाला दोन नावं असतात. एक कंपनीने दिलेलं, म्हणजे ब्रँडचं. दुसरं आतल्या द्रव्याचं, ज्याला मेडिकलवाले 'सॉल्ट' म्हणतात. आपण मागतो ब्रँडच्या नावाने, पण शरीरात काम करतो तो सॉल्ट. एकच सॉल्ट पन्नास कंपन्या पन्नास नावांनी विकतात आणि त्यांच्या किमतीत दुपटी-तिपटीचा, कधी त्याहूनही जास्त फरक असतो. सॉल्टचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा नियम २०१८पासून आहे. तरी बहुतेक स्ट्रिपवर अक्षर बारीकच, म्हणून मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचायचं. नाव, त्यापुढची मात्रा (४० मिग्रॅ, ५०० मिग्रॅ वगैरे) आणि नावाला जोडून 'एसआर', 'ईआर', 'एक्सआर' अशी अक्षरं आहेत का, या तिन्ही गोष्टी वहीत उतरवायच्या.

ही अक्षरं फार महत्त्वाची. औषध शरीरात हळूहळू सुटावं अशी ती गोळी बनवलेली आहे, असा त्यांचा अर्थ. साधी मेटफॉर्मिन आणि मेटफॉर्मिन एसआर यांत सॉल्ट एकच असला तरी एकीच्या जागी दुसरी घेऊन चालत नाही. एसआर गोळी कुटून किंवा चावूनही घ्यायची नाही.

काकूंची वही लिहिता लिहिता पाचव्या ओळीवर मी थांबले. पॅन्टोप्राझोल ४०. हेच दुसऱ्या ओळीतही होतं. एक गोळी हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी गुडघ्याच्या डॉक्टरांनी पेनकिलरबरोबर. ब्रँड वेगळे, रंग वेगळे, आत पित्ताची तीच गोळी. काकू सात महिने दोन्ही घेत होत्या आणि दोन्हींचे पैसे भरत होत्या. गुडघ्याची पेनकिलर तर कधीच बंद झाली होती.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठी बचत मेडिकलमध्ये होत नाही, ती डॉक्टरांच्या टेबलावर होते. वर्षातून निदान एकदा घरातली सगळी औषधं, व्हिटॅमिन आणि आयुर्वेदिक गोळ्यांसकट, एका पिशवीत भरून मुख्य डॉक्टरांसमोर ठेवायची आणि विचारायचं: यातलं अजून काय लागतं? पित्ताच्या गोळ्या, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, कधीकाळी महिनाभरासाठी दिलेली एखादी गोळी, अशी औषधं वर्षानुवर्षं चालू राहतात, कारण ती थांबवा असं कुणी सांगत नाही. मात्र आपल्या मनाने काहीही बंद करायचं नाही. काही औषधं एकदम थांबवली तर त्रास उसळून येतो.

आता किमतीकडे वळू. यातलं गणित कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आपल्याकडे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण, एनपीपीए. १९९७मध्ये ती सुरू झाली. आवश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे. २०२२च्या यादीत ३८४ औषधं आहेत. यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते. २०१३च्या आदेशानुसार ती ठरते अशी. समजा एकाच गोळीचे तीन मोठे ब्रँड आहेत आणि दुकानदाराला ते ४, ६ आणि ११ रुपयांना पडतात. सरासरी निघाली ७ रुपये. त्यावर दुकानदाराचे १६ टक्के धरून झाले ८ रुपये १२ पैसे. एवढी कमाल किंमत, वर जीएसटी. म्हणजे ११ रुपयेवाल्याला खाली यावंच लागतं. पण यात गोळी बनवायला किती खर्च आला हा प्रश्न कुठेच येत नाही. सरासरी बाजारभावाची निघते, खर्चाची नाही. त्यामुळे कमाल किमतीच्या आतही स्वस्त आणि महाग ब्रँड सुखाने शेजारी शेजारी नांदतात.

यादीबाहेरच्या औषधांना तर अशी कमाल किंमतही नाही. कंपनीने वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची नाही, एवढंच बंधन. त्यातली एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. टेल्मिसार्टन यादीत आहे, अॅम्लोडिपिनही यादीत आहे, पण दोन्ही एकत्र असलेली गोळी यादीत नाही. काकूंची बीपीची गोळी नेमकी हीच होती. दोन वेगळ्या गोळ्या घेतल्या तर कधी खर्च कमी होतो, कधी होत नाही, ते दर गोळीचा हिशोब मांडूनच कळतं. शिवाय एकाऐवजी दोन गोळ्या लक्षात ठेवणं म्हाताऱ्या माणसाला जमेल का, हेही बघायला हवं. चुकण्याची भीती असेल तर मी एकत्र गोळीच पसंत करीन, थोडी महाग पडली तरी.

हिशोब दर गोळीचाच करायचा, स्ट्रिपचा नाही. एका कंपनीची स्ट्रिप १० गोळ्यांची, दुसरीची १४ची, तिसरीची १५ची. एमआरपी बघून १० गोळ्यांची स्ट्रिप स्वस्त वाटते, भागाकार केला की ती महाग निघते. एनपीपीएचं 'फार्मा सही दाम' नावाचं मोफत अॅप आहे. त्यात ब्रँडचं नाव टाकलं की त्याच सॉल्टच्या इतर ब्रँडच्या किमती दिसतात.

आता 'जेनेरिक'. या शब्दाने लोकांचा फार गोंधळ होतो. पेटंट म्हणजे औषध शोधणाऱ्या कंपनीला ठरावीक वर्षं मिळणारा ते एकटीनेच विकायचा हक्क. पेटंट संपलेलं औषध मूळ कंपनीशिवाय इतर कोणीही बनवलं की ते जेनेरिक. या अर्थाने आपण नेहमी घेतो ते बहुतेक नामांकित ब्रँडही जेनेरिकच. या बाबतीत मुंबईचा वाटा मोठा आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५मध्ये सिप्ला इथेच सुरू केली. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर, म्हणजे खुद्द सॉल्टवर, पेटंट न देता फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर दिलं, आणि भारतीय कंपन्यांना तीच औषधं वेगळ्या पद्धतीने, स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली. २००१मध्ये याच सिप्लाने एड्सची तीन औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली, तेव्हा सगळं जग चकित झालं होतं. २००५पासून रेणूवरही पेटंट मिळू लागलं. त्यामुळे आज बाजारात आलेलं नवं औषध महाग असतं आणि पेटंट संपलं की किंमत कोसळते. शुगरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. सिटाग्लिप्टिनचं २०२२मध्ये असंच झालं. तरीही कितीतरी लोक सवयीने जुनाच महाग ब्रँड घेत आहेत, कारण चिठ्ठी जुनी आहे. तुमची शुगरची किंवा हृदयाची गोळी चार-पाच वर्षं तीच असेल, तर 'याचं पेटंट संपलंय का, स्वस्त पर्याय आलाय का' एवढं डॉक्टरांना विचाराच.

यात फसायची एक जागा आहे. साध्या मेडिकलमध्ये 'जेनेरिक द्या' म्हटलं म्हणजे स्वस्तच मिळेल असं नाही. काही कंपन्या औषधाची जाहिरात डॉक्टरांकडे न करता माल थेट दुकानदाराला देतात. दुकानदाराला तो खूप कमी भावात पडतो, पण छापील एमआरपी मोठ्या ब्रँडच्या जवळपास असते. मधला फरक ग्राहकापर्यंत पोचेलच असं नाही, ते दुकानदारावर अवलंबून. एखाद्या गोळीवर ६०-७० टक्के सूट मिळते, याचा अर्थ छापील किंमतच तेवढी फुगवलेली होती. आवश्यक यादीतल्या औषधाच्या किमतीत दुकानदाराचा वाटा १६ टक्केच धरलेला असतो, तिथे तो तुम्हाला १० टक्के देत असेल तर तो प्रामाणिकपणे देतोय असं समजा. एमआरपीवर किती टक्के सूट, याला फार भुलू नका. हातात पडलेली एक गोळी कितीला पडली तेवढंच बघा.

सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्राचं वेगळेपण इथेच आहे. तिथे छापील किंमतच कमी असते. योजना २००८ची, आता तिचं नाव प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना. बाजारातल्या पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त किंमत लावायची नाही, हा तिथला नियम. काही औषधं ८०-९० टक्क्यांपर्यंतही स्वस्त पडतात. यादीत दोन हजारांहून जास्त औषधं आहेत. 'जनऔषधी सुगम' अॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही सापडतं, हेल्पलाइन १८००-१८०-८०८०. निघण्यापूर्वी केंद्रात फोन करून औषध आहे का विचारावं आणि शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नये. स्ट्रिपमध्ये आठ-दहा दिवसांच्या गोळ्या असतानाच जाणं बरं.

"स्वस्त म्हणजे ताकद कमी असणार," काकू म्हणाल्या. हे मी शंभर जणांकडून ऐकलंय. जनऔषधीची औषधं डब्ल्यूएचओ-जीएमपी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन-निकषांचं, प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांतून घेतली जातात आणि प्रत्येक बॅच एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच केंद्रावर जाते. तुमच्या महागड्या ब्रँडच्या स्ट्रिपवर 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'मार्केटेड बाय' या दोन ओळी शोधा. बऱ्याचदा बनवणारी कंपनी वेगळीच असते, हिमाचलातल्या बद्दीसारख्या ठिकाणची, आणि ती अनेक ब्रँडसाठी माल बनवते. निकृष्ट औषध सापडतच नाही असं मी म्हणणार नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संघटना दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या बॅचची यादी जाहीर करते, आणि त्यात महाग नावंही असतात. किमतीवरून दर्जा ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. शंका आली तर महाराष्ट्र एफडीएचा, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा, टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे.

काही औषधांच्या बाबतीत मात्र मी स्वतः हात आखडता घेते. थायरॉईडची थायरॉक्सिन, फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं. यांची मात्रा इतकी नेमकी लागते की थोड्या फरकानेही बिघडू शकतं. यांचा ब्रँड बदलायचा तर डॉक्टरांना सांगून, आणि नंतर रक्ततपासणी करून. दम्याचा पंपही नुसता सॉल्ट बघून बदलू नका, प्रत्येक पंप ओढायची पद्धत वेगळी असते.

आणि डॉक्टरांनी ब्रँड लिहून दिला असेल तर मेडिकलवाल्याने आपल्या मनाने दुसरा ब्रँड द्यायला कायद्याने परवानगी नाही. म्हणून चिठ्ठीवरच सॉल्टचं नाव हवं. डॉक्टरांना हे कसं सांगायचं, याचा लोकांना संकोच वाटतो. काकूंना मी एकच वाक्य पाठ करून दिलं: "डॉक्टर, महिन्याचा खर्च झेपत नाही म्हणून माझ्या गोळ्या चुकतात. सॉल्टचं नाव लिहून द्याल का, जनऔषधीतून घेईन." त्यातला पहिला भाग खरं सांगायला धीर लागतो. पण तो सांगितला की डॉक्टरांना कळतं, बीपी का उतरत नव्हतं ते. नाहीतर ते दुसरी गोळी वाढवतात आणि बिलही वाढतं.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवाबाजाराबद्दल नेहमी विचारणा होते. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत जाता येतं. मुळात घाऊक बाजार, पण चिठ्ठी दाखवून दोन-तीन महिन्यांचं औषध एकदम घेतलं तर काही दुकानं बऱ्यापैकी सूट देतात. विरार किंवा बदलापूरहून तेवढ्यासाठी येण्यात अर्थ नाही. ऑनलाइन घेताना सूट बघताना डिलिव्हरीचे पैसेही मोजा. नवीन सुरू झालेलं औषध मात्र कुठूनही घ्या, आधी आठ-दहा दिवसांचंच घ्या. ते सोसलं नाही आणि बदललं, तर तीन महिन्यांच्या गोळ्या वाया जातात. बिलावरचा जीएसटीही एकदा बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवर तो १२ऐवजी ५ टक्के झाला आणि कॅन्सर, दुर्मिळ आजारांवरच्या काही औषधांवरचा पूर्ण गेला.

काही औषधांसाठी तर खिशात हातच घालायला नको. टीबीचं औषध सरकारी यंत्रणेतून पूर्ण मोफत आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. एचआयव्हीचं औषध आणि हिपॅटायटिस बी व सी यांचे उपचारही सरकारी कार्यक्रमात मोफत. पालिकेच्या 'आपला दवाखाना'मध्ये तपासणी आणि नेहमीची औषधं मोफत मिळतात. बीपी-शुगरसाठी तिथे जायला लाजायचं काही कारण नाही, आपल्याच करातून तो चालतो. कॅन्सरसारखा मोठा खर्च असेल तर हॉस्पिटलातल्या मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच आठवड्यात भेटा, पैसे संपल्यावर नव्हे. कोणता न्यास मदत करतो, कोणत्या कंपनीची सवलत योजना आहे, कोणते कागद लागतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. आणि ज्या ज्येष्ठांचा आरोग्य विमा नाही त्यांनी औषधांची बिलं फेकू नयेत. जुन्या करपद्धतीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या खर्चावर वजावट मिळते, फक्त पैसे रोखीने दिलेले नसावेत.

काकूंचं पुढे काय झालं ते सांगते. ते वाक्य त्यांनी डॉक्टरांना खरोखर म्हटलं. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल एकच ठेवली, तीही महिनाभरापुरती. मल्टिव्हिटॅमिन बंद केली. बाकीच्या गोळ्यांची सॉल्टची नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिली. महिन्याचं बिल आता नऊशेच्या आत येतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या गोळी घेतली की निळ्या पेनने तारखेवर खूण करतात. गेल्या महिन्यात एकही तारीख कोरी नव्हती, आणि बीपी १३६ आलं.

काल त्यांनी मला पुन्हा बोलावलं. कॉटवर दुसरा डबा होता, विरारच्या बहिणीचा. त्यात इन्सुलिनची पेनं होती. साधं ह्यूमन इन्सुलिन बाटलीतून घेतलं तर पेनपेक्षा खूपच स्वस्त पडतं, हे खरं. पण बाटलीतलं बहुतेक दर मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटचं. ४०ला लाल टोपीची सिरिंज लागते, १००ला केशरी टोपीची. त्यात चूक झाली तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून वहीत सगळी नावं उतरवून घेतली, बहिणीला फोन लावला आणि तिच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं.